थेंब दिसला पाहिजे

माझ्या गाडीचा ब्रेकचा होज पाइप बदलून झाला, गॅरेजवाला पाना पुसत "झालं मॅडम" म्हणाला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तांब्याचे वॉशर नवीन घातलेत ना?" मी त्याच्या घरातली काही खासगी गोष्ट विचारल्यासारखा तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "गाडी थांबते की नाही ते बघा." थांबते हो. पण नुसती थांबते एवढ्यावर हल्ली माझं समाधान होत नाही. ही खोड मला लावली आमच्या शेजारच्या सुनंदा सिस्टरनी. त्या आता शेजारी नाहीत. त्यांच्या घराला कुलूप आहे, अंगणात वाळक्या पानांचा पातेरा साठलाय, आणि मी गॅरेजवाल्यांशी हुज्जत घालत फिरते.

सिस्टर सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झालेल्या. अंगाने किरकोळ, केसांचा घट्ट अंबाडा, विटका गाऊन आणि त्यावर नवऱ्याचा जुना शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. बोलणं तुटक. आभार मानायची पद्धत त्यांच्याकडे नव्हतीच. कोणाकडे चहा घेत नसत, आणि का घेत नाही तेही तोंडावर सांगत, "तुमचे कप नीट धुतलेले नसतात, मला चालत नाहीत." कॉलनीतल्या निम्म्या बायका त्यामुळे त्यांच्यावर डूख धरून होत्या. उरलेल्या निम्म्यांच्या पोरांना त्यांनी कधी ना कधी इंजेक्शन दिलेलं होतं, म्हणून त्या गप्प होत्या.

त्यांचे यजमान म्हणजे नाना. मूळचे पूर्णगडचे, जन्म समुद्रावर गेलेला, शेवटची कितीतरी वर्षं स्वतःच्या बोटीचे तांडेल, म्हणजे कप्तान. समुद्राने काही केलं नाही, साखरेने केलं. मूत्रपिंडं गेली आणि दिवसाआड डायलिसिस मागे लागलं. एक दिवस मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं, घरी येऊन आडवं व्हायचं, दुसरा दिवस जरा माणसासारखं बसायचं, की तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मूलबाळ नव्हतं. जे काय करायचं ते सिस्टरनी.

सुरुवातीला त्या नानांना रिक्षाने नेत. डायलिसिससाठी हातात जी नस करून ठेवतात ना, तिला एकदा येताना रिक्षा खड्ड्यात आदळून धक्का बसला आणि पट्टीतून रक्त यायला लागलं. घर येईपर्यंत सिस्टर त्या नसेवर अंगठा दाबून बसल्या होत्या. त्यानंतर रिक्षा बंद. घरात एक जुनी छोटी पांढरी गाडी होती, ती त्यांनी बाहेर काढली, नानांसाठी पुढची सीट मागे कलती केली, हाताखाली उशी ठेवली आणि स्वतः चालवायला लागल्या.

आता गाडी जुनी, रस्ता उताराचा, तेव्हा ब्रेकचं काहीतरी निघणारच. गॅरेजमध्ये दिली तर "उद्या या" आणि उद्या गेलं की "परवा". ज्याला दिवसाआड हॉस्पिटल गाठायचंय त्याने परवा कुठून आणायचा? त्यातून एका गॅरेजने काम करून दिलेल्या गाडीच्या चाकातून दुसऱ्या दिवशी ब्रेकचं ऑइल गळायला लागलं. सिस्टर भांडायला गेल्या नाहीत. "ह्याच्या हातून माणूस मेला नाय हे नशीब," एवढंच म्हणाल्या, आणि तेव्हापासून ब्रेकचं काम घरी.

त्या कामात मी आले ती अशी. एका रविवारी मी ओल्या केसांनी अंगणात कपडे वाळत घालत होते. मधल्या दगडी गडग्यापलीकडून आवाज आला, "मनीषा, तुझा पाय मोकळा आहे काय गो?"

मला वाटलं पायाला काही चोळायचंय. गेले तर मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. ब्रेकमध्ये हवा शिरली की ती काढायला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकाजवळ बसून निपल, म्हणजे हवा सोडायचा बारीक स्क्रू, सैल करायचं, की हवेचे बुडबुडे तेलाबरोबर बाहेर येतात. बाहेरचं माणूस सिस्टर. आतला पाय माझा. पुढची काही वर्षं सिस्टरची आणि माझी जी काय जवळीक होती ती ह्या पायापुरती. मी आत बसून समोरच्या काचेतून नानांकडे बघायची, ते व्हरांड्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून माझ्याकडे बघायचे, आणि चाकाखालून सिस्टरचा आवाज यायचा. "दाब. धर. धरून ठेव गो. आता सोड."

पण पायाआधीची तयारी बघायला मला जास्त आवडायचं. आमची अंगणं जांभ्याची. जांभा तेलाचा थेंब पिऊन टाकतो आणि वर नुसता काळपट ओलावा दिसतो, तोही सकाळी नाहीसा. म्हणून सिस्टर गाडी लोखंडी स्टँडवर चढवली की पहिल्यांदा खाली पांढरी चादर अंथरायच्या. घरातली जुनी, पण धुतलेली. मी एकदा म्हटलं, "सिस्टर, चादर कशाला फुकट घालवता? गोणपाट घाला." त्यावर म्हणाल्या, "गोणपाटावर कळेल काय तुला? थेंब दिसला पाहिजे. दिसला नाय तो थेंबच माणसाला मारतो."

मग त्या इंजिनजवळच्या ब्रेक ऑइलच्या बाटलीतून सिरिंजने थोडं ऑइल काढून घ्यायच्या. बाटली काठोकाठ असताना चाकाकडचा पिस्टन मागे ढकलला तर वरून उतू जातं, आणि हे ऑइल गाडीचा रंग खातं. कुठे उडालंच तर लगेच तांब्याभर पाणी. नुसतं पुसलेलं त्यांना चालत नसे. बाटलीच्या झाकणाखाली दुधाच्या पिशवीचं प्लॅस्टिक घालून ते घट्ट बसवायच्या, म्हणजे वरून हवा मिळत नाही आणि खाली पाइप उघडला तरी ऑइलची धार लागत नाही. पाइप सोडला रे सोडला की त्याच्या तोंडात औषधाच्या बाटलीचं रबरी बूच. निपलला सलाइनची नळी, नळीचं दुसरं टोक काचेच्या बाटलीत, आणि ते टोक कायम ऑइलमध्ये बुडालेलं, म्हणजे हवा उलटी आत जात नाही. पाइपच्या जोडाला जो तांब्याचा वॉशर असतो तो दर वेळी नवा. जुना दिसायला धडधाकट असला तरी त्या तो लांब फेकून द्यायच्या. "वापरलेली सुई परत टोचशील काय कोणाला?"

हे सगळं करताना त्यांच्या तोंडावर उत्साह बिलकुल नसायचा. लोकांना वाटायचं सिस्टरना गाड्यांचा भारी नाद. नाद कसला, त्यांना गाडी आवडतसुद्धा नव्हती. वर्षानुवर्षं ड्युटी केलेलं माणूस चादर कशी झटकतं आणि घालतं, तसं चाललेलं असायचं. काम संपलं की हात साबणाने कोपरापर्यंत धुवायच्या, आणि मला "जा आता" म्हणायच्या. झालं.

एकदा उन्हाळ्याच्या दुपारी मागच्या चाकाच्या ब्रेकमधली हवा काढत होतो. "दाब," म्हणाल्या, मी दाबलं. "धर," म्हणाल्या, मी धरलं. पेडल खाली गेलं, आता "निपल बंद, सोड" येणार म्हणून मी वाट बघते, तर काही नाही. मी हाक मारली, "सिस्टर?" खिडकीतून वाकून बघणार तेवढ्यात व्हरांड्यातून नाना हळूच म्हणाले, "पाय नको काढू. झोपली ती."

"झोपल्या? गाडीखाली?"

"काल माझ्या पायात गोळे येत होते, चोळत बसली होती. झोपू दे गो तिला जरा. पण नळी बाटलीतून बाहेर आलीय, पाय काढलास तर हवा जाईल आत. मग पुन्हा पहिल्यापासून."

आता काय करता? मी बसले पाय दाबून. पोटरी भरून आली, मांडी थरथरायला लागली, अंगावरून घामाच्या धारा. नाना माझ्याकडे बघून ओशाळं हसत होते, आणि मला त्या दोघांचाही इतका राग येत होता, आणि इतकी कीवही, की मधूनच रडू यायला लागलं. शेवटी चाकाखालून आवाज आला, अगदी कोरडा, "सोड. का सोडलं नाहीस मघाशी?" मी पाय काढून पोटरी चोळत बसले. नानांनी मला डोळ्यांनीच सांगू नको म्हटलं.

ह्या सगळ्याचा कळस झाला तो नानांच्या धाकट्या भावामुळे. रघुनाथ भावजी पूर्णगडला राहतात, बोट आता तेच बघतात. भावावर जीव ओवाळून टाकणारा माणूस. दर पंधरवड्याला टेम्पोने मासे विकायला रत्नागिरीत आले की वाकडी वाट करून दादाला बघून जायचे. असेच एकदा आले. सिस्टर आत नानांना जेवण भरवत होत्या. भावजींना वाटलं, वहिनी एवढं करते, आपण निदान गाडीला पाणी-ऑइल बघू. बॉनेट उघडलं. ब्रेक ऑइलची बाटली खाली गेलेली दिसली. टेम्पोत बोटीच्या स्टेअरिंगला घालायच्या ऑइलचा नवा डबा होता. त्यातलं ओतून बाटली भरली, झाकण लावलं आणि कुणाला काही न सांगता निघून गेले. उपकार बोलून दाखवायचे नसतात, असा त्यांचा स्वभाव.

काही दिवसांनी डायलिसिसहून परत येताना उतारावर सिस्टरनी दाबलेलं ब्रेकचं पेडल नुसतंच तळाला गेलं. गियर उतरवत, हँडब्रेक ओढत त्यांनी गाडी कशीबशी फाटकापर्यंत आणली. त्या दिवशी हाफ-डे होता, मी ऑफिसातून नुकतीच आले होते. नाना भिंतीसारखे पांढरे पडले होते. त्यांना आत निजवून सिस्टर बाहेर आल्या आणि त्यांनी बाटलीचं झाकण काढलं. झाकणाखालचं रबर फुगून पापडासारखं वाकडं झालं होतं. सिस्टरनी बोट बुडवून वास घेतला आणि भावजींना फोन लावला. मी शेजारीच उभी होते, दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

"भावजी, माझ्या गाडीत काय ओतलंत?"

"ऑइल, वैनी. कमी होतं म्हणून."

"कसलं?"

"बोटीच्या स्टेअरिंगचं. नवीन डबा फोडला. दादाच्या गाडीत मी वाईट कशाला घालीन?"

"वाईट नाय घातलंत. दुसऱ्याचं घातलंत." फोन ठेवून त्या पायरीवर बसल्या. मग मला म्हणाल्या, "रक्ताचा गट चुकला गो. आता सगळीकडे गेलंय."

म्हणजे काय ते मला नंतर समजलं. ते ऑइल ब्रेकच्या रबराला चालत नाही. जिथे जिथे रबर आहे तिथे तिथे ते फुगतं आणि गळायला लागतं. नुसतं ऑइल बदलून भागत नाही. चारही चाकांची रबरं, मेन सिलिंडरचं किट, होज पाइप, सगळं नवं, आणि मधले लोखंडी पाइप आतून धुवायचे. हाताशी होता दुसरा दिवस तेवढा. तिसऱ्या दिवशी सकाळी नानांना मशीनवर पोचवायचं होतं.

मी म्हटलं, "एक दिवस ॲम्ब्युलन्स सांगू." सिस्टर म्हणाल्या, "आणि त्याच्या पुढच्या वेळी? आणि त्याच्या पुढच्या?"

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. भावजी सकाळीच येऊन हजर, तोंड एवढंसं झालेलं. सिस्टरनी त्यांना गाडीला हात लावू दिला नाही. मिरजोळ्याला कुठल्या कारखान्याजवळ एक पाइप करून मिळत होता, तो आणायला पाठवलं, आणि आल्यावर एका ताटलीत स्पिरिट ओतून सुटे भाग धुवायला बसवलं. दवाखान्यातलं ते स्पिरिट. अंगणभर दवाखान्याचा वास सुटला. सिस्टर एका चाकाकडून दुसऱ्या चाकाकडे गुडघ्यांवर सरकत होत्या. माझा पाय दाबून, सोडून, दाबून, बधिर होऊन गेला. जेवायला कुणी उठलं नाही. नाना तेवढे व्हरांड्यातून बघत होते.

मध्येच त्यांनी पाणी मागितलं. डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून द्यावं लागतं. लघवी होत नाही, प्यायलेलं अंगात राहतं आणि छातीत भरतं. सिस्टर दिवसाचं पाणी एका छोट्या वाटीने देत. हात धुऊन त्या उठल्या, वाटी आणली. नानांनी ती एका घोटात संपवली आणि वाटीच्या तळाकडे बघत राहिले. मग ताटलीजवळ बसलेल्या भावाला म्हणाले, "बोटीवर आपण पिंपाला तोंड लावून प्यायचो, नाय रे?" भावजींनी मान खाली घातली आणि हातातला पिस्टन चोळत राहिले.

ऊन कलायला लागलं तेव्हा काम संपलं. सिस्टरनी मला पेडल जोर लावून दाबून धरायला सांगितलं आणि प्रत्येक जोडाला कोरडा कापूस फिरवून बघितला. कापूस कोरडा. चादर कोरडी. त्यांनी गाडी खाली उतरवून उतारावरून एक फेरी मारून आणली, पुन्हा चादरीवर उभी केली, पुन्हा वाकून बघितलं. काही नाही. मला इतकं बरं वाटलं की मीच नानांना सांगायला गेले, "नाना, गाडी एकदम पक्की. उद्या आरामात जा."

नाना म्हणाले, "मला नाय जायचं उद्या."

सिस्टर नळावर हात धूत होत्या. त्यांनी नळ बंद केला. "का? काय दुखतंय?"

"दुखत काय नाय. दमलोय मी सुनंदा. उद्या नाय, परवा नाय. आता पुरे."

"मग दिवसभर मी हे कोणासाठी केलं?" सिस्टरचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला.

"माझ्यासाठी केलंस. म्हणून तर तुला तोंडावर सांगतोय. मी असेपर्यंत तुला झोप नाय. आणि मला पाणी पाहिजे, गो. पोटभर. ते घोटघोट मोजलेलं नको."

मला राहवलं नाही. "असं काय बोलता नाना? एवढं सगळं चांगलं चाललंय." सिस्टर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मनीषा, तू घरी जा." भावजींनाही त्यांनी टेम्पो घेऊन जायला सांगितलं. घरी येऊन मी भाताचं पातेलं आदळलं. मला नानांचा राग आला होता. बाई तुमच्यासाठी जमिनीवर सरपटते आणि तुम्हाला पाणी पाहिजे. आणि खरं सांगायचं तर ते बरोबर बोलत होते हे मला समजत होतं, त्याचाच जास्त राग होता. संध्याकाळभर पलीकडून बोलण्याचा आवाज येत होता. भांडणाचा नव्हता. एक विचारतंय, एक थोड्या वेळाने उत्तर देतंय, असा. सिस्टर आजार्‍याला विचारतात तसं पुन्हा पुन्हा विचारत असाव्यात, नक्की ना, म्हणून.

सिस्टर मला शेवटच्या दिसल्या त्या दुसऱ्या दिवशी सकाळी. मी फाटकाशी दूध घेत होते. गाडी बाहेर आली, डायलिसिसला निघायची तीच वेळ. नाना पुढच्या सीटवर, दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, समजावलंन बाईने. जिंकली. सिस्टरनी माझ्याजवळ गाडी थांबवून काच खाली केली. डोळे सुजलेले होते. "पाय दुखतो काय गो?" त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत असं कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "नाही हो, बरा आहे." नाना माझ्याकडे बघून हसले, ओशाळं नाही, चांगलं हसले. "येतो," म्हणाले.

आमच्या फाटकातून नाका दिसतो. तिथून डावीकडे गेलं की हॉस्पिटल, उजवीकडचा रस्ता पूर्णगडाकडे जातो. गाडी उतारावरून खाली गेली, नाक्यावर मागचे लाल दिवे लागले आणि ती जागच्या जागी नीट थांबली. रस्ता मोकळा होता तरी निघेना. मागच्या काचेतून मला नानांचं डोकं मागे कललेलं दिसलं, आणि दोन हातांनी तोंडाला लावलेली पाण्याची मोठी बाटली. ते पीत होते. सिस्टर त्यांच्याकडे बघत बसल्या होत्या, हात लावत नव्हत्या. मागून आलेल्या टेम्पोने हॉर्न दिला, आणखी एकदा दिला. बाटली खाली आली तेव्हा लाल दिवे विझले आणि गाडी उजवीकडे वळली.